दाखवायच्या घरात बसलेली देवी

घर घ्यावं की घेऊ नये, हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर घेऊन झाल्यावरसुद्धा पुष्कळ दिवस कळलं नाही. मी सातवीपर्यंत शिकले. मग शाळा सुटली, लग्न झालं, आणि सेनगाव तालुक्यातल्या सासरहून आम्ही नवराबायको पुण्याला आलो ते इकडचेच झालो. आमचे मालक एका कंपनीची बस चालवतात, मी घरी डबे करून देते. लिहायची मला सवय नाही आणि अनुभव वगैरे म्हणावं असं आपल्याला काही आलंय का, याचीही खात्री नाही. पण जे झालं ते पोटात ठेवलं की जड होतं, म्हणून लिहून टाकते. वाचणाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आमच्याकडं घर कोणी विकत घेत नाही. घर बांधतात. आधी जागा असते, मग पाया, मग भिंती, आणि पैसे संपले की काम थांबतं, सोयाबीन निघालं की पुन्हा चालू होतं. पुण्यात आम्ही बाराव्या मजल्यावरचं घर घेतोय म्हटल्यावर माझ्या थोरल्या भावानं आखाडा बाळापूरहून फोन केला आणि विचारलं, "जमीन कुठंय त्याला? खाली दुसरा राहणार, वर दुसरा राहणार, मधी तुमी. मंग तुमचं काय?" मी हसून टाळलं, पण फोन ठेवल्यावर माझं मन त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिलं. खरंच, आपलं काय त्यात? बाराव्या मजल्यावर तर अजून हवाच होती. इमारतीचे सहा-सात मजले उभे होते, त्यावर लोखंडी सळया, आणि त्याच्यावर मोकळं आभाळ. त्या आभाळातला एक तुकडा दाखवून मालक म्हणाले होते, "ते बघ, तिथं आपलं सैपाकघर."

मालकांना ती वस्ती आवडायची कारण ती शांत होती. दिवसभर हॉर्न ऐकणारा माणूस, त्याला त्या उंच इमारतींमधल्या रस्त्यावर पाखरांचा आवाज आला की तो उभाच राहायचा. मी तिकडं डबे पोचवायला जायची, माझ्या मात्र ती शांतता अंगावर यायची. दारं बंद, जिन्यात माणूस नाही, लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर ते भिंतीकडं बघणार. इथं मेलं तर कोणाला कळंल, असं वाटायचं. तरी मी होय म्हणाले. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून आम्ही दमलो होतो, आणि नाही म्हणायला माझ्याकडं सांगण्यासारखं कारण नव्हतं. आम्ही बुकिंग केलं. मोठी रक्कम पुढं भरायची होती.

मग पेरण्या उरकल्यावर आमच्या सासूबाई घर बघायला आल्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. पुसेगावच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं त्या धाकट्या दिरांकडं राहतात. आमचं कुलदैवत माहूरची रेणुकामाय. आमच्या घराण्यात अशी रीत आहे की नव्या घरात माणसाच्या आधी देवी जाते. घरातल्या मोठ्या बाईनं वावरातली मूठभर जवारी न्यायची, फळीवर किंवा कोनाड्यात तिची छोटी रास करायची, त्यावर सुपारी ठेवून हळदकुंकू वाहायचं, आणि 'हे तुझं घर' एवढंच म्हणायचं. त्याचा गाजावाजा करायचा नाही. नंतर त्याच घरात चूल पेटवून नैवेद्य रांधायचा, आणि त्या वेळी घरात, दारात जो कोणी असेल त्याच्यासकट सगळ्यांनी जेवायचं. मगच सुपारी उचलून देव्हाऱ्यात न्यायची. जेवण होईपर्यंत तिला हलवायचं नाही. गावाकडचं घर बांधलं तेव्हा अर्ध्या भिंतीतच देवी बसली होती, गवंडी तिच्या बाजूनं विटा लावायचे, आणि शेवटी त्या गवंड्यांनाही पहिल्या पंगतीला बसवलं होतं. ही रीत मला माहीत होती. पण त्या दिवशी ती माझ्या ध्यानातच आली नाही.

बाईंना इमारतीवर नेणं शक्य नव्हतं, जिनेच झाले नव्हते. म्हणून आम्ही त्यांना फाटकाजवळच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इमारत व्हायच्या आधीच बिल्डर खाली एक दाखवायचं घर करून ठेवतात. हॉल, बेडरूम, सैपाकघर, सगळं सजवलेलं. पण त्यातलं काहीच खरं नसतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लास्टिकची, नळाला पाणी नाही, जेवणाच्या टेबलावरची ताटं खाली चिकटवलेली. तिथं लीना नावाची एक मुलगी बसायची, ती लोकांना घर दाखवायची. वसईकडची होती, गळ्यात बारीक क्रॉस, बोलणं इतकं गोड आणि भरभर की मला तिची भीतीच वाटायची. बाईंनी तिला एकच गोष्ट विचारली, पाणी कधी येतं. ती म्हणाली, चोवीस तास. बाई खूश झाल्या. मालक आणि लीना कागद बघत सोफ्यावर बसले, मी खिडकीपाशी उभी राहिले, आणि बाई एकट्याच सैपाकघरात फिरत होत्या. मला वाटलं, ओटा बघत असतील.

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "बसवलं मायला. आता चिंता न्हाई."

मालक म्हणाले, कोणत्या मायला?

"आपल्या. सैपाकघरात वरच्या फळीवर. तुमी बोलत बसले व्हते, मनलं आपलं काम उरकून घ्यावं."

मालकांना आधी हसू आलं. रिक्षावाला वळून बघायला लागला इतकं ते हसले. मग त्यांनी बाईंना समजावलं की ते घर नव्हे, ते दाखवायचं आहे, दुकानात बाहुलीला साडी नेसवून उभी करतात ना, तसं. आपलं घर वर आहे, अजून व्हायचंय. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "मंग मला तिथं काहून नेलं?" एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, उद्या जाऊन मी सुपारी घेऊन येते. तर त्या माझ्यावरच डोळे काढून म्हणाल्या, "तिला म्या सांगितलं, हे तुझं घर. आता तिला उपाशी उठवू?" त्यानंतर त्या दोन दिवस राहिल्या आणि फार न बोलता गावाकडं गेल्या. आम्ही कामाला लागलो. मी तो विषय जवळजवळ विसरलेच होते, निदान तसं स्वतःला सांगत होते.

महालक्ष्म्यांच्या सणाला मी गावी गेले तेव्हा दारातच जाऊबाईंनी ऐकवलं. "आमच्या बाईनं देवीला दुकानात मांडली," त्या म्हणाल्या, "आता गिऱ्हाईक येतं अन् भाव विचारतं." जाऊबाईंचा स्वभावच टोमण्याचा, पण त्या बोलता बोलता गप्प झाल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं बाई बाजेवर पडलेल्या होत्या. मी त्यांना ओळखलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण ओळखायला मला एक क्षण लागला. मनगटं काडीसारखी झाली होती. पुण्याहून आल्यापासून त्यांनी शिजवलेलं अन्न सोडलं होतं. थोडं दूध, कधी केळं, कधी चार शेंगा. सेनगावला दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आजार काही नाही, यांना जेवायला घाला. फोनवर आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण बाईंनीच शपथ घातली होती.

मी त्यांच्या उशाशी बसले. घरात महालक्ष्म्या उभ्या, सोळा भाज्यांचा वास सुटलेला, आणि घरातली सगळ्यात मोठी बाई उपाशी. मी रागावलेही. म्हटलं, बाई, देवी सगळीकडं असते, ती काय त्या फळीवर अडकून पडली का? त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाव्हणी म्हणून म्या तिला तिथं नेली. तिच्या पुढं ताट न्हाई, अन् मी भाकर खाऊ? तूच सांग." मी एवढंच विचारलं की मी तिकडं जाऊन सुपारी उठवून आणली तर तुम्ही जेवाल का. त्यांनी मान हलवली, नाही. जेवल्याशिवाय पाहुण्याला कोणी उठवतं का, असं त्यांचं म्हणणं. तिथं रांधायचं, तिथं जेवायचं, मग उठवायचं. आणि दाखवायच्या घरात कोणाला रांधता येत नाही, हे त्यांनाही आता ठाऊक होतं. म्हणजे त्यांनी स्वतःला अशा जागी नेऊन ठेवलं होतं की तिथून वाटच नव्हती.

सण उरकून मी परत निघाले. एसटी हिंगोलीकडं चालली होती, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, आणि माझ्या डोक्यात नुसता चिखल झाला होता. मालक फोनवर म्हणत होते की देवी त्या जागेत बसलीच आहे तर हा कौलच समजायचा, पुढच्या शुक्रवारी ती मोठी रक्कम भरून टाकू. माझा भाऊ म्हणत होता की हा अपशकुन आहे, सोडून द्या. जाऊबाई म्हणत होत्या, बाईंना वेड लागलं. तिघंही एकाच गोष्टीकडं बघून तीन गोष्टी सांगत होते आणि मला तिघांचंही खरं वाटत होतं. मी देवीकडं काही मागायला गेले तर मागावं काय हेच कळेना. घर मिळू दे म्हणावं, की मिळू देऊ नको म्हणावं? बाईंना जेवू दे म्हणावं, तर त्याला वाट कुठंय? शेवटी मी खिडकीला डोकं टेकून एवढंच म्हणाले, माय, मला काही कळत नाही, तुझं तूच बघ. हे भक्तीनं म्हणाले असं मी सांगणार नाही. थकून म्हणाले. हात टेकले तसं.

पुण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळचे डबे पोचवून तशीच त्या ऑफिसात गेले. पिशवीत डब्यांचा वास, पायात साधी चप्पल, आणि आत गार हवा. लीना एकटीच होती. मी काय बोलणार ते रस्ताभर घोकलं होतं, पण तिनं 'या ताई' म्हटलं आणि सगळं विसरले. मी सरळ सांगितलं की आमच्या सासूबाईंनी तुमच्या सैपाकघरात सुपारी ठेवली आहे, आणि त्यापायी त्या जेवत नाहीत. मला वाटलं ती हसेल, किंवा तिच्या साहेबांना फोन लावेल. पण ती उठली, मला सैपाकघरात घेऊन गेली आणि टाचा उंचावून वरचं कपाट उघडलं.

देवी जागच्या जागी होती. जवारीची रास तशीच, हळदकुंकू थोडं उडालेलं. आणि राशीपुढं एक साखरेची कागदी पुडी ठेवलेली होती, ऑफिसात चहाबरोबर देतात तसली, आणि तिच्यावर फाटकाजवळच्या झाडाचं तगरीचं फूल. ताजं होतं. मी ओट्याला धरलं.

लीना अगदी साधेपणानं बोलली. "मला नीट माहीत नव्हतं हे काय आहे. पूजेचं असणार असं वाटलं. कुणीतरी विश्वासानं ठेवलंय, मी कसं काढू? रोज ऑफिस उघडलं की एक पुडी ठेवते, आणि कालची माझ्या चहात घालते. फेकायची तरी कशी?"

मी त्या कपाटाकडं बघत उभी राहिले. गावाकडं एक म्हातारी, देवी उपाशी आहे म्हणून अन्न सोडून बसली होती, आणि इकडं ही परकी पोर रोज सकाळी देवीपुढं साखर ठेवत होती, रोज तिचा प्रसाद खात होती, आणि तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तिथं रडले. का ते सांगता यायचं नाही. लीनानं मला पाणी दिलं आणि मग मी धीर करून विचारलं की इथं थोडा भात शिजवता येईल का. ती म्हणाली की सोमवारी साहेब नसतात, तिच्या खोलीवर इंडक्शनची शेगडी आहे, ती घेऊन येईल. वर बजावलं की फोडणी देऊ नका, वास बाहेर जाईल.

बाईंना फोन केला तर त्यांनी पुरणाचा हट्ट धरला नाही. म्हणाल्या, "साधा भात शिजव, वर वरण अन् गूळ. पण तिथंच शिजव." सोमवारी मालकांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. मी घरून तांदूळ, डाळ, पातेलं, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या नेल्या. सैपाकघरातली बटणं सगळी नुसती दाखवण्यापुरती होती, वीज एकाही जागी नव्हती. अख्ख्या घरात खरा प्लग एकच निघाला, पुठ्ठ्याच्या टीव्हीच्या मागं. म्हणून शेगडी हॉलमध्ये सोफ्याआड फरशीवर मांडली. मालक सारखे काचेच्या दाराकडं बघत होते. मी पातेल्याकडं बघत होते. मला एकीकडं हसू येत होतं, एकीकडं भीती वाटत होती की आपण काय हे चोरासारखं करून राहिलो. भात उकळायला लागला, झाकण थडथडलं, त्या खोट्या घरात पहिल्यांदा काहीतरी खरं शिजत होतं.

नैवेद्य दाखवला. दिरांनी तिकडून व्हिडिओ कॉल लावला होता. बाईंना उशीला टेकवून बसवलं होतं, त्यांचे डोळे फक्त त्या फळीकडं. मालकांनी पहिली पत्रावळ देवीपुढं धरली, मग आम्ही बसलो. लीना बाजूला उभी होती. फोनमधून बाई म्हणाल्या, "ती पोरगी काहून उभी? तिला बसवा." ती संकोचली, म्हणाली मी नंतर खाईन. बाईंनी ऐकलं नाही. घरात जो आहे तो जेवणार, ही रीत. मग तीही आमच्यासोबत फरशीवर मांडी घालून बसली, तिच्या त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत, आणि हातानं वरणभात खाल्ला. दुसऱ्यांदा तिनं स्वतःच मागून घेतला. खोलीवर एकटी राहते, सकाळी काही खाल्लेलं नसतं, म्हणाली. तिकडं जाऊबाईंनी बाईंच्या तोंडात घास दिला. बाईंनी तो चावला. जाऊबाई टोमणे विसरून पदरानं डोळे पुसत होत्या. तो घास गिळेपर्यंत आम्ही तिघंही इकडं हात थांबवून बसलो होतो.

जेवण झाल्यावर मालकांनी सुपारी उचलली आणि जवारीसकट रुमालात बांधली. मी भांडी गोळा केली, फरशी पुसली. आम्ही निघालो तेव्हा लीना दारापर्यंत आली, दार लावलं, पुन्हा उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "दादा, शुक्रवारी पैसे भरू नका."

मालकांना वाटलं काही कागद राहिलाय. तिनं मान हलवली. "वरच्या मजल्यांची परवानगी आलेली नाही. कधी येईल माहीत नाही. तुमचा मजला अजून मंजूरच नाही. आम्हाला सांगायची बंदी आहे." "तुमच्यात बसून जेवले. आता तुम्हाला पैसे भरताना बघवणार नाही मला."

मला आधी तिचा रागच आला, हे लपवत नाही. इतके महिने हीच मुलगी आम्हाला बाराव्या मजल्यावरून डोंगर दिसेल म्हणून सांगत होती. मालक तर रस्त्यावर येऊनही मानायला तयार नव्हते. पण त्यांनी ओळखीतल्या एका माणसाला महापालिकेत चौकशी करायला सांगितलं, आणि ती म्हणाली ते अक्षर न अक्षर खरं निघालं. आम्ही बुकिंग रद्द केलं. त्याला पुष्कळ चकरा झाल्या, ते सगळं सांगत बसत नाही. त्या इमारतीचे वरचे मजले आजही नुसत्या सळया आहेत, त्यांना गंज चढलाय. त्या बाजूनं डबा पोचवायला गेले की मी वर बघत नाही. कोणीतरी भरलेच असतील पैसे. त्यांच्यासाठी कोणी वरणभात शिजवला नसेल, आणि हा विचार आला की मला आमच्या सुटकेचा आनंदही नीट होत नाही. आमच्यावर कृपा आणि त्यांच्यावर का नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. सुटेल असंही वाटत नाही.

परवानगीचं खरं कळलं त्या संध्याकाळी मी बाईंना फोनवर सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, त्या म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हते का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरीनं पोटभर खाल्लं व्हतं ना?" मी म्हटलं, व्हय, दोनदा घेतला. "मंग बराबर," त्या म्हणाल्या, आणि फोन दिरांकडं दिला.

लीनाला भेटायला मी नंतर एकदा गेले, लाडू घेऊन. तिथं दुसरी मुलगी बसली होती. लीनानं नोकरी सोडली की तिची सुटली, हे त्या मुलीला सांगता येईना. तिचा नंबर लागत नाही. आमच्यामुळं तिला काही झालं असेल का, हे माझ्या मनात कायम असतं. रोज दिवा लावताना मी तिचं नाव घेते. देवीपुढं एका क्रॉस घालणाऱ्या मुलीचं नाव घेणं चालतं की नाही, हे मी कोणाला विचारलं नाही.

पुढं वर्षभरानं त्याच वस्तीत, मागच्या गल्लीत, सातव्या मजल्यावरचं एक तयार घर आम्हाला मिळालं. जुनी इमारत, आधीचं म्हातारं जोडपं मुलीकडं राहायला निघालं होतं. भिंतींना हात लावून बघता येत होतं. बाई पुन्हा आल्या, आता त्यांच्या अंगावर मांस आलं होतं. देवी बसवली, पुरणाचा सैपाक झाला, पानं वाढली, आणि बाईंनी आमच्या घराचं दार सताड उघडून ठेवलं. दारात कोणीतरी हवं ना जेवायला. मी म्हटलं, बाई, इथं कोणी येत नसतं, ही गावची गल्ली नाही. त्या उंबऱ्याशी बसून राहिल्या. बाहेर तीच शांतता, लिफ्ट मधूनच वर जायची, खाली जायची, आमच्या मजल्यावर थांबायची नाही. पुरण गार होत चाललं होतं. मालकांना भूक लागली होती. मला बाईंची कीव यायला लागली होती.

मग समोरचं दार उघडलं. तिथं एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात, एवढंच आम्हाला पाटीवरून ठाऊक होतं. ते चष्मा पुसत बाहेर आले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "दार बराच वेळ उघडं दिसलं, काही तब्येतीचं वगैरे नाही ना?" बाई म्हणाल्या, "न्हाई बापू. तुमचीच वाट बघून राहिलो." त्यांनी एकदा मागं आपल्या घराकडं बघितलं, मग चपला बाहेर काढल्या आणि आत आले.

मला आजही कोणी विचारलं की हा चमत्कार होता का, तर मी सांगू शकत नाही. जिनं देवी बसवली तिची चूक झाली होती. जिनं तिला साखर ठेवली तिला ती कोण हे माहीत नव्हतं. आणि मी तर तिला गुपचूप उठवून आणायलाच निघाले होते. आमच्यातल्या एकीनंही समजून काही केलं नाही, तरी सगळं जिथं जायचं तिथं गेलं. पूर्वी काही कळेनासं झालं की मी घाबरायची, वाटायचं, आता आपण चुकणार. अजूनही घाबरते, स्वभाव तो स्वभाव. पण आपल्याला कळत नाही म्हणजे कोणालाच कळत नाही असं नव्हे, एवढं मात्र आता मनात बसलंय. समोरचे काका दर मंगळवारी आमच्याकडं जेवतात. त्यांना गूळ जरा जास्त लागतो.